माया साराभाईला हसता हसता

‘किती मिडल क्लास!’ हा शेरा हल्ली ठाण्यात, कोथरूडमध्ये, नाशिकच्या गंगापूर रोडवर, कुठेही कानावर पडतो. मारणारा बहुतेक वेळा स्वतः गृहकर्जाच्या हप्त्यांखाली दबलेला असतो. त्याच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कोथिंबीर निवडून ठेवलेली असते. तरी तो शेरा मारतो, आणि मारताना आवाज जरा बदलतो, मान तिरकी करतो, शेवटचं अक्षर लांबवतो. हा आवाज कुणाचा, ते ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ या हिंदी विनोदी मालिकेतल्या सासूबाई माया साराभाईचा.

माझं म्हणणं असं की ज्या वृत्तीला हसावं म्हणून हे पात्र घडवलं गेलं, ती वृत्तीच आपण वीस वर्षांत त्याच्याकडून उचलली. याचं खापर एकट्या प्रेक्षकावर फोडता येणार नाही, थोडा वाटा लेखनाचाही आहे. मालिका मला मनापासून आवडते. आजही एखादा भाग समोर आला तर हातातलं काम राहतं. म्हणूनच तिच्याशी हे भांडण.

‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ नोव्हेंबर २००४मध्ये ‘स्टार वन’ या तेव्हाच्या नव्याकोऱ्या वाहिनीवर सुरू झाली आणि २००६मध्ये संपली. लेखन आतिश कपाडियांचं, निर्मितीत त्यांच्या जोडीला जे. डी. मजेठिया, दिग्दर्शन देवेन भोजानींचं. दोनच वर्षांपूर्वी कपाडिया-मजेठिया जोडीने ‘खिचडी’ आणली होती. दक्षिण मुंबईत कफ परेडच्या उंच इमारतीत समोरासमोर दोन फ्लॅट. एकात माया, तिचा नवरा इंद्रवदन आणि मॉमाच्या पर्सवरही कविता करणारा धाकटा मुलगा रोसेश. दुसऱ्यात थोरला मुलगा साहिल, जो कॉस्मेटिक सर्जन आहे, आणि त्याची दिल्लीकडून आलेली बायको मोनिशा. माया म्हणजे रत्ना पाठक शाह, इंद्रवदन सतीश शाह, रोसेश राजेश कुमार, साहिल म्हणजे मराठी रंगभूमीवरही तितकाच रमणारा सुमीत राघवन, आणि मोनिशा रूपाली गांगुली. मोनिशाचं माहेरचं नाव मनीषा. सासूबाईंना ते फारच सर्वसाधारण वाटलं, म्हणून तिची मोनिशा झाली. मालिकेचा सगळा स्वभाव या एका बारशात आला.

पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हा तिचा प्रेक्षक बेताचाच होता. लोकप्रियता मागाहून आली, पुनःप्रक्षेपणांतून, यूट्यूबवरच्या तुकड्यांतून आणि शेवटी मीममधून. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण मायाचं पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

त्या काळचा टीव्ही आठवून पाहा. २००० सालापासून ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ चालू होती. सासू-सुनेचं भांडण म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या, कारस्थानं आणि ढणढणत्या संगीतावर तीनतीनदा वळणारा कॅमेरा. मायाला किल्ल्या नको होत्या. तिने सुनेला छळलं ते चहाच्या कपावरून, पडद्यांच्या रंगावरून, सेलमधून आणलेल्या वस्तूंवरून. हुंडा नाही, वारस नाही, आवाज चढवणं तर मुळीच नाही. ‘मोनिशा बेटा’ अशी लाडिक हाक, मग एक छोटासा थांबा, आणि मग वार. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७९मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहून मांडलं होतं की आपल्याला ज्या आवडीनिवडी अगदी खाजगी वाटतात त्या वर्गावर्गांत कुंपणं घालायचं काम करत असतात. तो ग्रंथ हातात न घेतलेल्यांना कपाडियांनी ते अर्ध्या अर्ध्या तासाच्या भागांत, हसवत हसवत समजावलं. भारतीय टीव्हीवर हे आधी कुणी इतक्या नेमकेपणाने केलं नव्हतं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

माया कफ परेडची आहे, यालाही नुसता पत्ता समजू नये. जुन्या मुंबई शहर सुधारणा ट्रस्टच्या टी. डब्ल्यू. कफ यांच्या नावाचा हा भाग. समुद्र हटवून मिळवलेली जमीन, तिच्यावर उठलेले टॉवर आणि त्या टॉवरांच्या पायथ्याशी मच्छीमार नगर. वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यातून बोटी दिसतात, त्या छान दिसतात. वारा फिरला की मासळीचा वासही वर येतो, पण मायाच्या दिवाणखान्यात तो कधी पोचला नाही. मुंबईकर मराठी माणसाला हा भूगोल पाठ आहे. आपण ‘टाऊनला’ जातो, काम झालं की परततो. गिरगाव-लालबागमधून जी मराठी कुटुंबं डोंबिवली, विरार, बदलापूरकडे सरकली, त्यांच्यासाठी कफ परेड हे मुंबईतच असलेलं परगाव आहे. तिथली एखादी बाई ‘मिडल क्लास’ म्हणते तेव्हा त्यात चर्चगेटच्या पलीकडची जवळपास सगळी मुंबई येते. म्हणजे तुम्ही, मी आणि आपल्यापेक्षा बरे दिवस असलेले बरेचजणही.

आता मोनिशाकडे पाहा. राहायला कफ परेड, नवरा सर्जन, समोरच सासऱ्यांचा फ्लॅट. आयकर खात्याला विचारलं तर ते तिला कुठल्याच अंगाने मध्यमवर्गीय म्हणणार नाही. तरी पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत ती ‘मिडल क्लास’च राहते, कारण मायाच्या लेखी वर्ग बँकेत नसतोच. तो जन्माने येतो. लग्नाने, पैशाने, पत्त्याने तो पुसला जात नाही आणि नाव बदलूनही जात नाही. जन्माने ठरणारी आणि कशानेही न पुसली जाणारी पायरी आपल्या समाजाला कुठून परिचयाची आहे, ते मी वेगळं सांगायला नको. मालिकेचा विषय जात नाही, आणि तसा दावाही मी करत नाही. पण ‘हिच्या माहेरी हे असंच चालत असणार’ हा निष्कर्ष कपबशीवरून, ताट वाढण्याच्या पद्धतीवरून, बोलण्यातल्या एखाद्या हेलावरून काढायची सवय आपल्याला मायाने लावलेली नाही. ती तिच्याआधीपासून आहे. ‘आमच्याकडे नाही हो असं’ एवढंच म्हणून गप्प बसणारी सासू मराठी घराघरांत होऊन गेली. माया तिचंच इंग्रजी माध्यमातलं रूप. म्हणून तर ती आपल्याला इतकी चटकन कळली. परकी वाटली असती तर आपण तिची नक्कल करू शकलो नसतो.

नकलेचाच मुद्दा पुढे नेतो. श्रीमंत बाईवर विनोद करण्याचे दोन रस्ते मला दिसतात. एक तिच्या अज्ञानाचा. अमेरिकेत २००३मध्ये ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ नावाची मालिका सुरू झाली. तिच्यातली ल्युसिल ब्लूथ ही, जेसिका वॉल्टरने साकारलेली, धनाढ्य आई मुलाला विचारते, एक केळं ते काय, त्याला कितीसे पडणार, दहा डॉलर? हा विनोद सरळ तिच्या अंगावर कोसळतो. केळ्याचा भाव ठाऊक नसणं ही गोष्ट प्रेक्षक उचलून घरी नेऊ शकत नाही, कारण त्याला तो भाव ठाऊक असतो, तो सकाळीच भाजीवाल्याशी त्यावरून हुज्जत घालून आलेला असतो. दुसरा रस्ता तिच्या तुच्छतेचा, आणि मायाचा विनोद याच रस्त्याने जातो. तुच्छता मात्र कुणालाही उचलता येते. तिला फ्लॅट लागत नाही, पैसे लागत नाहीत. आपल्यापेक्षा एक पायरी खाली उभा असलेला माणूस तेवढा लागतो, आणि आपल्याकडे असा माणूस प्रत्येकाला सापडतो. कफ परेड वांद्र्याला हसतं, वांद्रे बोरिवलीला, बोरिवली नालासोपाऱ्याला. पुण्यात हीच उतरंड पेठ, डेक्कन आणि नदीपलीकडे अशी लागते आणि तिथे कोण वर आणि कोण खाली यावर वाद घालायला पुणेकर समर्थ आहेत.

यात लेखनाचा वाटा कसा, ते सांगतो. विनोदी मालिकेत पारडं कुणाचं जड, हे कथानकापेक्षा वाक्यांवरून ठरतं. साराभाईंच्या घरात कथानक बहुतेकदा मायाच्या विरोधात जातं. पार्टी फसते, पाहुण्यांसमोर शोभा होते, इंद्रवदन आणि मोनिशा मिळून काहीतरी उद्योग करून ठेवतात आणि बाईसाहेब तोंडघशी पडतात. पण वाक्यं तिची. टोचणारी विशेषणं तिची, थांबे तिचे, भुवई तिची. मोनिशाच्या वाट्याला येतो तो पसारा, कूपनं जमवणं, भाव पाडणं, फुकट मिळालेल्या वस्तूचा आनंद आणि टीव्हीसमोरचे तास. रूपाली गांगुलीने यात जीव ओतला, त्यामुळे मोनिशा गोड झाली, प्रेमळ झाली. पण सासूला निरुत्तर करील, पुढे वीस वर्षं लोकांच्या तोंडी राहील असं वाक्य तिला क्वचित मिळालं. गोष्टीत हरलेली माया अशी कानात जिंकत गेली.

आणि मग आलं मीम. अर्ध्या तासाचा भाग बघणाऱ्याला मायाचा शेरा आणि तिची फजिती दोन्ही दिसत. चार सेकंदांच्या तुकड्यात फजिती मावत नाही. उरते ती तिरकी मान आणि शेरा. ज्यांनी मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही अशा विशीतल्या मुलामुलींना माया ठाऊक आहे ती या तुकड्यांतून, आणि त्या तुकड्यांतली माया कधीच हरत नाही. ती त्यांच्यासाठी झोकात बोलणारी, सगळ्यांना जागा दाखवणारी राणी आहे. लेखकाने उपहास म्हणून घडवलेलं पात्र तुकडे पडता पडता आदर्श होऊन बसलं.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला इंद्रवदनचा. मायाच्या प्रत्येक नखऱ्याला टाचणी लावणारा नवरा समोर असताना मालिका तिच्या बाजूची कशी? ऑक्टोबर २०२५मध्ये सतीश शाह गेले तेव्हा इंद्रवदनचे तुकडे दिवसभर फिरत होते, आणि ते पाहताना त्यांच्या ताकदीची पुन्हा जाणीव झाली. १९८४च्या ‘ये जो है जिंदगी’मध्ये दर भागात नवं सोंग घेऊन येणाऱ्या या नटाने इथे एकाच माणसात तेवढी सोंगं भरली. पण इंद्रवदन कोण, हेही बघा. तो मायाइतकाच श्रीमंत आहे. त्याचा वात्रटपणा, वाटेल ते खाणं, पाहुण्यांसमोर लाज सोडणं हे सगळं त्याला परवडतं, कारण कफ परेडचा फ्लॅट त्याच्या पाठीशी आहे. त्याने केलं की तो खोडकर, मोनिशाने केलं की ती मिडल क्लास. माया-इंद्रवदनची लढाई हे एकाच घरातलं, एकाच वर्गातलं मजेचं भांडण आहे. मोनिशा त्याचं निमित्त.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीत आणतो. साठीकडे झुकलेली, बुद्धिमान, न रडणारी, स्वतःच्या मतांची लाज न बाळगणारी बाई आपल्या टीव्हीने किती दाखवली? ज्या काळात वाहिन्यांवरच्या बायका डोळ्यांत पाणी आणून सहन करत होत्या, त्या काळात माया ताठ मानेने बसून आपल्याला काय आवडत नाही ते सांगत होती. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांना ती यासाठी आवडते, आणि त्यांची आवड चुकीची आहे असं म्हणायची माझी छाती नाही. रत्ना पाठक शाहांचं टायमिंग तर आहेच. १९८५च्या ‘इधर उधर’मध्ये धाकटी बहीण सुप्रिया पाठक त्यांच्यासोबत होती, पुढे सुप्रिया ‘खिचडी’ची हंसा झाली आणि रत्ना माया. दीना पाठकांच्या दोन लेकींनी एकाच लेखकाच्या हातून दोन टोकं गाठली. जगाचं काहीच न कळणारी एक आणि सगळंच कळतं अशा थाटात वावरणारी दुसरी. हंसाला हसताना मात्र कुणी खाली ढकललं जात नाही, एवढं नोंदवून पुढे जातो.

तर आक्षेप खरा आहे. फक्त त्याची किंमत कुणी मोजली ते बघावं. एका बाईला मिळालेला कणा दुसऱ्या बाईच्या पाठीवर उभा आहे. आणि तिसरी तर चित्रातच नाही. इतकं लखलखीत घर रोज कोण पुसतं, ते कप कोण विसळतं? या मालिकेच्या असंख्य मीममध्ये सासू आहे, सून आहे, सासरा, दीर, बहिरा फुफासुद्धा आहे. भांडी घासणारी नाही.

वर्ग ही गोष्ट पैशावाचूनही किती टिकते, याचा सर्वांत गमतीदार प्रयोग अमेरिकन टीव्हीने १९६४मध्येच केला होता. ‘गिलिगन्स आयलंड’ ही सीबीएसवरची मालिका. तीन तासांच्या सफरीला निघालेली बोट वादळात सापडते आणि सातजण निर्जन बेटावर अडकतात. त्यात एक कोट्यधीश हॉवेल आणि त्याची उच्चभ्रू बायको लव्ही, म्हणजे नटाली शेफर. तीन तासांच्या सफरीसाठी या जोडप्याने मनसोक्त कपडे आणि दागिने बरोबर घेतलेले. बेटावर दुकान नाही, बँक नाही, क्लब नाही, नोटांना नारळाइतकीही किंमत नाही. तरी मिसेस हॉवेल हातमोजे घालून, छत्री घेऊन फिरतात आणि बाकीचे त्यांची कामं करतात. मालिका तशी पोरकटच होती, १९६७पर्यंत चालली. पण तिने नकळत एक गोष्ट दाखवून ठेवली. पैसा निरुपयोगी झाला तरी ‘आपण कोण’ हे ठरवणारी सवय बेटावर जशीच्या तशी पोचते, आणि खालचे लोकही ती निमूट चालू देतात. मोनिशाच्या बाबतीत हाच प्रयोग उलटा झाला. तिच्याकडे पैसा आला, पण ‘आपण कोण’ ते बदलू दिलं गेलं नाही.

मोनिशाच्या काटकसरीचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. रिकामी बाटली न टाकणं, पिशवीत पिशवी घालून ठेवणं, जुन्या चादरीची पायपुसणी, बनियनचं फडकं, डालड्याच्या डब्यात तुळस हे ज्यांच्या घरात चालायचं, त्यांना मायाच्या नजरेने बघितलं की शरमेने मेल्याहून मेल्यासारखं व्हावं. २०१८मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली आणि कापडी पिशवी पुन्हा खांद्यावर आली. आता मोठ्या शहरांतल्या झकपक दुकानांत जुन्या साड्यांच्या पिशव्या, काचेच्या बरण्या, हाताने शिवलेल्या गोधड्या चढ्या भावाने विकायला असतात, सोबत पर्यावरणावर चार ओळी छापलेला चिठोरा. गोधडी तीच, टाके तेच. आजीने शिवली तर भागवाभागवी, दुकानातून आली तर जाणीव. वस्तूला वर्ग नसतो, तो ती वापरणाऱ्याला चिकटवलेला असतो, हे मायाला आधीपासून ठाऊक होतं असं मला वाटतं. आज ती असती तर पहिली गोधडी तिच्याच सोफ्यावर पडली असती आणि मोनिशाने माहेरून आणलेली तशीच गोधडी तिला तरीही बघवली नसती.

आडनावाबद्दल एक आडवळण घेतो. साराभाई म्हटलं की अहमदाबादचं ते घराणं आठवतंच. कॅलिको मिलचे अंबालाल साराभाई, त्यांचे चिरंजीव विक्रम, ज्यांनी भारताच्या अवकाश संशोधनाचा पाया घातला. मालिकेचा या घराण्याशी संबंध नाही. पण त्या घरातल्या अनसूया साराभाई इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९१८मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के पगारवाढीसाठी संप केला तेव्हा मालकांच्या बाजूला अंबालाल होते आणि कामगारांच्या बाजूला, गांधीजींसोबत, त्यांची सख्खी बहीण अनसूया. पुढे १९२०मध्ये उभ्या राहिलेल्या ‘मजूर महाजन’च्या स्थापनेत त्या होत्या. श्रीमंत घरातली बाई खालच्या माणसांकडे कशी बघू शकते, याचा हाही एक नमुना याच देशातला आहे. अशी बाई विनोदी मालिकेत शोभणार नाही म्हणाल, तर मला ते पटत नाही. रोज सकाळी चहाच्या टेबलावर भाऊ मालक आणि बहीण संपवाली! यापेक्षा मोठा विनोदाचा ऐवज कुठला?

मायाच्या काळाकडे परत येतो. जानेवारी २००५मध्ये, म्हणजे मालिका सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, मधुर भांडारकरांचा ‘पेज ३’ आला. वर्तमानपत्रांच्या रंगीत पानांवर मिरवणाऱ्या पार्टीवाल्या मंडळींबद्दल तेव्हा लोकांना कुतूहल होतं, पण सोबत थोडा संशय आणि बराच टवाळपणाही होता. श्रीमंतांना हसायची, त्यांच्यावर चिडायची मुभा होती. २०२०मध्ये नेटफ्लिक्सवर ‘फॅब्युलस लाइव्ज ऑफ बॉलीवूड वाइव्ज’ आलं आणि खऱ्याखुऱ्या मायांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःलाच सादर केलं. जुलै २०२४मध्ये अंबानींच्या घरचं लग्न वांद्रे-कुर्ला संकुलात झालं, महिनोन्‌महिने आधीपासून त्याचे सोहळे चालले होते. त्या दिवसांत तिथले रस्ते वाहनांसाठी बंद केले तेव्हा गैरसोय झालेले लोक कुरकुरले, आणि कुरकुरता कुरकुरता फोनवर पाहुण्यांचे लेहंगे बघत राहिले. मीही बघितले, खोटं कशाला बोलू. वीस वर्षांत एवढा फरक पडला. श्रीमंतांकडे बघून येणारं हसू आटलं. आता नुसतं बघणं उरलंय. ज्या समाजाला वरच्यांना हसता येईनासं होतं त्याचं हसू कुठे तरी बाहेर पडणारच, ते मग खाली जातं. ‘किती मिडल क्लास’ हा त्याच हसण्याचा आवाज आहे.

आपल्याकडे दुसरी रीत नव्हती असं नाही. २००१मध्ये अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून, केदार शिंदेंच्या दिग्दर्शनात. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. तिथेही काटकसर होती, हिशेब होते, पाहुण्यांसमोर बरं दिसण्याची धडपड होती आणि या सगळ्यावर पोटभर विनोद होता. फरक एवढाच की तो करणारी माणसं घरातलीच होती. मूळ लेखनात तर एकेकजण आपापली रोजनिशी लिहितो, म्हणजे प्रत्येकाला स्वतःची वाक्यं आहेत. टिपऱ्यांना मध्यमवर्गीय म्हणणारं वर कुणी बसलेलं नव्हतं, त्यामुळे तो शब्द तिथे शिवी झालाच नाही. ती मालिका बघून कुणी आपल्या आईच्या डब्यांना हसायला लागलं असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर मराठी मालिकांनी श्रीमंत बाईला खलनायिका करून टाकलं. गेल्या दहा-पंधरा वर्षांतली कुठलीही संध्याकाळ घ्या. प्रशस्त बंगला, गोल जिना, बिनबाह्यांचं ब्लाऊज आणि सरळ केलेले केस असलेली आत्या किंवा काकू, आणि चाळीतून आलेली सोशिक नायिका. आत्या दुधात काहीतरी मिसळते, नायिका तुळशीसमोर हात जोडते. यात श्रीमंतांवर टीका आहे असं वरवर वाटतं, पण अशी आत्या प्रत्यक्षात कुणी पाहिलेली नसते, तेव्हा टीका लागणार कुणाला? दुधात विष मिसळणारी काल्पनिक असते. सुनेच्या माहेरून आलेला डबा न उघडताच बाईकडे देऊन टाकणारी खरी असते. तिला पकडायला विनोदच लागतो, आणि तो मायाने पकडला होता. मराठीत मात्र आपण विषाच्या बाटलीवर समाधान मानलं.

मोनिशाचं पुढे जे झालं ते मला या सगळ्यावरचं सर्वांत बोलकं भाष्य वाटतं, आणि ते कुणी ठरवून केलेलं नाही. २०१७मध्ये ‘साराभाई’चा दुसरा हंगाम हॉटस्टारवर आला, कौतुक झालं, पण पहिल्याची सर त्याला आली नाही. मग २०२०मध्ये रूपाली गांगुली ‘अनुपमा’ झाली. ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेची ही हिंदी आवृत्ती. मराठीत तिच्यावरूनच डिसेंबर २०१९मध्ये ‘आई कुठे काय करते’ सुरू झाली होती, मधुराणी प्रभुलकरच्या अरुंधतीला घराघरांत ओळखतात. इंग्रजी धड न येणारी, घरात खपणारी बाई आणि चारचौघांत तिची लाज वाटणारा नवरा. म्हणजे मोनिशाचंच दुखणं, फक्त हसण्याचा पडदा काढून टाकलेला. कफ परेडच्या दिवाणखान्यात जिला उत्तर सुचू दिलं गेलं नव्हतं, त्याच अभिनेत्रीच्या तोंडी इथे पानंच्या पानं भरतील एवढे संवाद आले आणि कोट्यवधी लोकांनी ते डोळे पुसत ऐकले. मायाच्या पहिल्या प्रक्षेपणाला कधी मिळाला नाही एवढा प्रेक्षक या रडण्याला मिळाला. मोनिशाला अखेर वाक्यं मिळाली, पण ती मिळवताना तिला विनोद सोडावा लागला. दोन्ही एकत्र देणारा लेखक हिंदीत यायचा आहे. मराठीत तो २००१मध्ये येऊन गेला, आणि आपल्या वाहिन्यांनी त्याच्या जागी गोल जिना बांधला.